समजुतीची बिस्किटं

एका गावात एक आई होती आणि तिला इंदी नावाची आठ वर्षांची मुलगी होती. गोष्ट छोटीशीच आहे, पण आधीच सांगून ठेवते, मला ती शांतपणे सांगता येत नाही. दर वेळी सांगताना माझं डोकं तापतं. तेव्हा मधेच माझा आवाज चढला तर घाबरू नका. तो तुमच्यावर चढलेला नसेल, मोठ्या माणसांवर चढलेला असेल.

तर त्या गावात दर वर्षी सुगी आटोपली की गाडीचा दिवस यायचा. डोंगरावरच्या देवळातून एक मोठी बैलगाडी खाली यायची आणि पारापाशी उभी राहायची. घराघरांतून मुलांची जुनी खेळणी आणून त्या गाडीत टाकायची. गाडी ती देवळात नेणार आणि तिथून ती गोरगरिबांच्या मुलांना वाटली जाणार, असं सगळे म्हणायचे. खरंच वाटली जातात का, हे बघायला मात्र कोणी कधी डोंगर चढलं नव्हतं. मी चढले आहे. देवळामागच्या खोलीत छतापर्यंत ढीग होता आणि त्यात उंदरांनी संसार थाटला होता. पण ते राहू द्या, माझा राग वेगळाच आहे.

फार पूर्वी गावातल्या कोणा भल्या माणसानं एक नियम घालून दिला होता. खेळणं गाडीत टाकण्याआधी मुलाला विचारायचं, "देऊ का रे हे?" मूल हो म्हणालं तर त्याचं तोंड गोड करायचं. मुलानं गोड खाल्लं की दान पावलं. मूल नाही म्हणालं तर खेळणं मुकाट्यानं घरी न्यायचं. इतका साधा नियम. पण वर्षं गेली आणि विचारायचं राहून गेलं, गोड खायला घालायचं तेवढं राहिलं. मुलानं खाल्लं की मूल राजी आहे, असं धरून चालायचं. आहे की नाही गंमत?

आणि त्या गोडाचेही लाड वाढत गेले. आधी गुळाचा खडा असायचा. मग शहरातून कोकोची पूड यायला लागली आणि बायका चॉकलेटची बिस्किटं करायला लागल्या. लोणी आणि साखर परातीत घेऊन तळहातानं फेसायची, पांढरीशुभ्र झाली की त्यात मैदा आणि कोको घालून मळायचं, चपटे गोळे पत्र्यावर मांडायचे आणि पत्रे घेऊन गावच्या भट्टीवर जायचं. आदल्या संध्याकाळी सगळ्या गावात चॉकलेटचा वास भरून राहायचा. या बिस्किटांना गावात समजुतीची बिस्किटं म्हणायचे, कारण ती मुलांची समजूत काढायला केलेली असायची. भरल्या तोंडानं मुलाला भोकाड पसरता येत नाही, हे त्यामागचं शहाणपण.

आता इंदीची आई. ती वाईट नव्हती, हे मला मान्य करावंच लागेल. बिस्किटं तर तिच्यासारखी गावात कोणाची होत नसत. फक्त तिला अडगळ सहन व्हायची नाही. घरात एखादी वस्तू वर्षभर वापरात नसली की तिच्या हाताला खाज सुटायची. गाडीच्या दिवशी सकाळी इंदी शाळेत गेली आणि ही मागच्या पडवीत शिरली. तिथं इंदीचा पांगुळगाडा होता.

पांगुळगाडा माहीत आहे ना? तीन चाकांची लाकडी गाडी. नुकतं उभं राहायला लागलेलं बाळ तिचा दांडा धरून पहिली पावलं टाकतं. इंदीच्या पांगुळगाड्याला पुढं दोन लाकडी पोपट होते आणि चाकं फिरली की ते माना हलवायचे. इंदी त्याच्याच आधारानं चालायला शिकली होती. आता ती एवढी वाढली होती, की दांडा धरायचा तर कंबरेत वाकावं लागे. तरी ती रोज शाळेतून आली की त्याला अंगणातून एक चक्कर मारून आणायची.

"घोडी झाली आणि पांगुळगाडा कसला ढकलते," असं म्हणत आईनं तो उचलला, पुसला आणि पारावर नेऊन गाडीत टाकला. मुलगी दुपारी येणार आहे, तिला विचारू, एवढं सुद्धा तिच्या मनात आलं नाही. का येईल? घर तिचं, पडवी तिची, आणि मुलगी सुद्धा तिचीच.

दुपारी शाळा सुटली. ज्यांची खेळणी गाडीत होती ती सगळी मुलं थेट पारापाशी आणली गेली आणि रांगेत उभी केली गेली. पारावर गावचे मानकरी बसले होते. गाडी रवाना करायचा मान त्यांचा. शेजारी त्यांचा पितळी पानाचा डबा. एकेका मुलाची आई पुढं यायची, मुलाच्या हातात बिस्कीट द्यायची, मूल ते तोंडात टाकायचं आणि मानकरी म्हणायचे, "पावलं." सगळ्यांचं पावलं की गाडीवर दोर आवळायचा आणि बैल जुंपायचे.

मुलं बिस्कीट चघळत गाडीकडे बघत राहायची. गाडीच्या फळ्यांमधून कोणाच्या भोवऱ्याचं टोक दिसायचं, कोणाच्या बाहुलीचा पाय. एका मुलाचे डोळे भरले, तर त्याच्या आजीनं लगेच दुसरं बिस्कीट कोंबलं. आणि वर हसून म्हणाली, "बघा, लगेच विसरला." विसरला म्हणे. मला त्या आजीला गदागदा हलवावंसं वाटतं.

इंदीची पाळी आली. आईनं तिच्या हातात बिस्कीट ठेवलं. इंदीनं ते घेतलं, मूठ मिटली आणि गाडीकडे बघत उभी राहिली. फळ्यांतून एक पोपट बाहेर डोकावत होता.

"खा गं," आई म्हणाली.

इंदीनं मान हलवली.

"अगं, चॉकलेटचं आहे," मानकरी म्हणाले. "आमच्या वेळी गुळाचा खडा सुद्धा मोजून मिळायचा. खा बघू पटकन, गाडीला उशीर होतोय."

इंदी खाईना. झालं. दोर हातात घेतलेला माणूस तसाच उभा राहिला. बैल खूर आपटायला लागले. आणि मग मोठ्या माणसांना जो ऊत आला, तो विचारू नका. एक म्हणाली, फार लाडावलीय. दुसरी म्हणाली, आमच्या मुलांनी नाही का दिली खेळणी, आणि ही काय आभाळातून पडली? शाळेच्या गुरुजींनी त्यागाचं महत्त्व सांगितलं. त्यागाचं महत्त्व, आठ वर्षांच्या पोरीला, तिची वस्तू न विचारता उचलून नेल्यावर. इंदीचे वडीलही तिथंच होते, पण ते बैलांपाशी उभे राहून बैलांची शिंगं तपासत होते. त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती.

मग इंदीची काकू पुढं झाली. "अशानं नाही ऐकायची ही," म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातातलं बिस्कीट इंदीच्या ओठांवर दाबलं. इंदीनं दात घट्ट मिटले. बिस्किटाचा चुरा झाला, हनुवटीवर सांडला, फ्रॉकवर पडला. पोर रडली नाही, ओरडली नाही, फक्त तोंड उघडलं नाही. चारचौघांत एका लेकराच्या तोंडात जबरदस्तीनं गोड कोंबायचं, आणि त्याला दान म्हणायचं. तुम्ही म्हणाल, एवढं काय, बिस्कीटच तर होतं. मग तुमच्या तोंडात कोणीतरी कोंबून बघा.

आईला सगळ्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिनं काकूला बाजूला केलं, इंदीच्या दंडाला धरून तिला एक हिसका दिला आणि दातओठ खात विचारलं, "का गं नाही खात? का?"

तिनं काही शहाणपणानं विचारलं नव्हतं, चिडून विचारलं होतं. पण विचारलं, हे खरं. गाडीच्या दिवशी त्या पारावर कितीतरी वर्षांनी कोणीतरी कोणा मुलाला काहीतरी विचारलं होतं. आणि इंदीनं उत्तर दिलं, कारण ती कधीची त्यासाठीच थांबली होती.

"तो मी सगुणाच्या भावाला देणार होते," ती म्हणाली.

सगुणा म्हणजे मागच्या आळीत कापडं रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी, इंदीच्या वर्गातली. तिला एक तान्हा भाऊ होता. त्यांच्या घरात गाडीत टाकण्यासारखं खेळणंच नव्हतं, म्हणून ती रांगेत न थांबता थेट घरी गेली होती.

"कधी ठरवलंस?" आईचा आवाज जरा खाली आला.

"तो रांगायला लागला तेव्हाच. सगुणाला सांगितलं होतं, की तो उभा राहायला लागला की मी आणून देईन. काल तो उंबऱ्याला धरून उभा राहिला. आज शाळेत सगुणानं मला सांगितलं. मी म्हटलं, आज आणते. त्यांनी ओसरी सारवून ठेवलीय." इंदीनं गाडीकडे बोट दाखवलं. "आता मी काय सांगू? ती म्हणेल, इंदी खोटं बोलली. तुम्ही मला खोटं पाडलंत."

आईनं तिचा दंड सोडला. दंडावर बोटं उमटली होती.

आता तुम्हीच सांगा. त्या पोरीला हाव सुटली होती का? तिला द्यायचं नव्हतं का? सगळ्या गावात त्या दिवशी मनापासून देणारी ती एकटी होती. कोणाला द्यायचं, कधी द्यायचं, त्याला त्याचा उपयोग आहे की नाही, सगळा विचार तिनं करून ठेवला होता. ज्याला गरज होती ते बाळ मागच्या आळीत उंबऱ्याला धरून उभं होतं, आणि आपली शहाणी मंडळी पांगुळगाडा डोंगरावरच्या उंदरांना पाठवत होती. वर दानाचं पुण्य आईच्या नावावर, आणि खोटेपणा पोरीच्या.

आई वळली आणि मानकऱ्यांना म्हणाली, "आबा, आमचा पांगुळगाडा काढून घेते."

"काढून घेते?" मानकरी म्हणाले. "सूनबाई, गाडीत चढलं ते देवाचं झालं. असं काढायला लागलो तर गाडी कधी निघायची?"

"पण तिनं बिस्कीट खाल्लेलं नाही."

"मग भरव. आईनं भरवलं तरी चालतं. पोर आहे, तिला काय कळतंय? रडेल घटकाभर, मग विसरेल. त्यासाठीच तर बिस्कीट असतं."

आईपुढं दोन वाटा होत्या. पोरीच्या गालफडांत बोटं घालून बिस्कीट भरवायचं, की सगळ्या गावाच्या तोंडी लागायचं. भरवणं सोपं होतं. गाव तिला चांगली म्हणालं असतं, गाडी वेळेवर निघाली असती आणि इंदीही रडून गप्प बसली असती.

तिनं पारावर हात टाकला आणि मानकऱ्यांच्या शेजारचा पितळी पानाचा डबा उचलला.

"किती जुना झालाय हा," ती म्हणाली. "कोपरे बघा कसे चेपलेत. आणि आबा, तुमच्या वयाला आता पान बरं नाही. उगाच अडगळ. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल." एवढं म्हणून तिनं डबा गाडीत टाकला. मग कनवटीच्या पुडीतून एक बिस्कीट काढलं आणि मानकऱ्यांच्या तळहातावर ठेवलं. "घ्या. खा. लगेच विसराल."

मानकरी ताडकन उभे राहिले. रागानं त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"कुणाला विचारून टाकलास माझा डबा?"

"कुणालाच नाही, आबा," आई म्हणाली. "आज दिवसच तसा आहे."

ज्या आजीनं नातवाच्या तोंडात दुसरं बिस्कीट कोंबलं होतं, तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय करत होती, मला सांगता येणार नाही. गुरुजी आभाळाकडे बघायला लागले. इंदीच्या वडिलांनी बैलांची शिंगं सोडली आणि पहिल्यांदाच मान वर करून बायकोकडे पाहिलं.

मानकरी हातातल्या बिस्किटाकडे बघत राहिले. खावं तर डबा गेला. टाकावं तर नियम मोडला.

"अजून खाल्लं नाहीत ना?" आई म्हणाली. "मग डबा तुमचाच आहे. काढून घ्या. मीही आमचं काढून घेते."

मानकऱ्यांनी गाडीत वाकून आपला डबा शोधला, धोतराला पुसला आणि काखेत मारून ते तरातरा घरी निघून गेले. आईनं पांगुळगाडा बाहेर ओढला. एका पोपटाच्या चोचीचा रंग निघाला होता, बाकी सगळं धड होतं.

मग बाकीच्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. एक लहान मुलगा म्हणाला, "पण मी तर खाल्लं." ते ऐकून त्याच्या आईनं मान खाली घातली. मानकरी निघून गेले होते आणि दोर कोणी बांधत नव्हतं, तेव्हा मुलं गाडीवर चढली. कोणी भोवरा काढून घेतला. कोणी बाहुली उलटसुलट करून बघितली आणि राहू दे म्हणून परत ठेवली. एक जण घरी धावत जाऊन त्याच्या आईनं मुद्दाम लपवून ठेवलेली चांगली खेळण्यातली मोटार घेऊन आला, कारण त्याला तीच द्यायची होती, आणि त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. बैलगाडी दुसऱ्या दिवशी निघाली. गावाला कसला दोष लागला नाही की कोणाच्या घरात साप निघाला नाही. सगळं होतं तसंच चालू राहिलं, फक्त पुढच्या वर्षीपासून पारावर आधी प्रश्न विचारला जाऊ लागला.

पण त्या दिवशीची गोष्ट अजून संपलेली नाही.

इंदी आणि तिची आई पांगुळगाडा घेऊन मागच्या आळीत गेल्या. रंगाऱ्याच्या ओसरीवर सगुणा बसली होती. तिनं गाडा बघितला आणि उठून उभी राहिली. आतून तिची आई हात पुसत आली. तिचे हात मनगटापर्यंत निळे होते.

"आणलास?" सगुणा म्हणाली.

"आणते म्हटलं होतं ना," इंदी म्हणाली.

इंदीच्या आईला सवयीनं बोलायचं होतं. गाडा नीट वापरा, पोपट मोडू नका, आमच्या इंदीचा फार लाडका आहे, असलं काहीबाही. तिनं तोंड उघडलं, इंदीकडे पाहिलं आणि परत मिटलं. हे देणं तिचं नव्हतं, हे तिच्या एकदाचं ध्यानात आलं असावं.

सगुणानं भावाला उचलून आणलं आणि त्याची बोटं दांड्यावर ठेवली. बाळ डुलत उभं राहिलं. त्यानं एक पाऊल टाकलं, चाकं फिरली, पोपटांनी माना हलवल्या. बाळ ते बघून इतकं दचकलं की मटकन खाली बसलं, आणि मग खिदळायला लागलं.

सगुणानं गाड्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "कायमचा?"

आता इंदी नाही म्हणाली असती तरी कोणी तिला काही म्हणू शकलं नसतं. सगळ्या गावाशी भांडून परत मिळालेला गाडा होता तो. तिनं पोपटांकडे पाहिलं, खाली बसलेल्या बाळाकडे पाहिलं.

"कायमचा," ती म्हणाली.

आळीच्या तोंडापर्यंत ती ताठ चालत आली. कोपरा वळला आणि तिचा बांध फुटला. पारावर सगळ्यांसमोर जी पोर रडली नव्हती, ती आता हुंदके देऊन रडायला लागली. आपली वस्तू आपल्या हातानं दिली तरी दुखतंच. ते दुखणं तिचं होतं.

आईच्या पुडीत अजून बिस्किटं होती. तिच्या हातची, गावात कोणाला जमत नाहीत अशी. तिचा हात कमरेकडे गेलाही. पण तिनं पुडी काढली नाही. उगी उगी म्हणाली नाही, की नवा गाडा आणू म्हणाली नाही. ती इंदीचा हात धरून, तिच्या चालीनं, हळूहळू चालत राहिली, आणि इंदीला हवं तेवढं रडू दिलं.

तात्पर्य हवंच असेल तर हे घ्या: मुलाची वस्तू द्यायची असेल तर आधी मुलाला विचारा, आणि देऊन झाल्यावर त्याला रडू आलं तर रडू द्या. बिस्कीट नंतर दिलं तरी चालतं.